आजीनें गोष्ट सांगितलीन्

पालघरच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र पोस्टकार्डाएवढेंच, पण त्यांतील प्रश्नानें आमचे चार-पांच दिवस घेतले. त्यांची कन्या इयत्ता चौथींत आहे. घर एकत्र, सासूबाई मूळच्या दक्षिण कोंकणांतल्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. रात्रीं मुलांना गोष्ट सांगण्याचें काम अर्थातच त्यांच्याकडे. मुलीनें शाळेंत ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहिला आणि त्यांत, कानावर पडलें तसें, ‘आजीनें गोष्ट सांगितलीन्’ असें लिहून टाकिलें. गुरुजींनीं शेवटच्या ‘न्’वर तांबड्या शाईची रेघ ओढून शेजारीं ‘अशुद्ध’ असा शेरा दिला. तेथवर सारें ठीक. शाळेंत प्रमाण भाषा शिकवावयाची असते. पण मुलगी घरीं आली ती आजीला सुधारूं लागली : ‘दिलेंन् नव्हे, आजी, दिलें.’ पहिले दोन दिवस घरांत हंशा झाला. मग आजीनें गोष्टी सांगणेंच थांबविलें. ‘माझें बोलणें अशुद्ध, तें पोरीच्या तोंडीं बसावयास नको,’ असें त्या म्हणतात. पत्राच्या अखेरीस भगिनींनीं विचारलें आहे : सासूबाईंचें खरोखरच चुकतें आहे काय?

‘नाहीं’ असें एका शब्दाचें उत्तर देऊन आम्हांस मोकळें होतां आलें असतें. पण तेवढ्यानें त्या आजीबाईंचें समाधान होईल असें वाटत नाहीं. शेरा तांबड्या शाईचा आहे. तो पुसावयाचा तर हा ‘न्’ कोठून आला आणि तेथें काय करतो, हें सांगितलें पाहिजे. त्यासाठीं वाचकांना आम्ही जरा दूर, नाईल नदीच्या कांठीं नेणार आहों. वाट आडवळणाची खरी. परंतु क्रियापदाच्या अंगावर कर्ता कसा येऊन बसतो, तेथून कसा सुटतो आणि पुन्हां कसा येऊन चिकटतो, हें चार हजारांहून अधिक वर्षें सलग पाहावयास मिळावें अशी दुसरी जागा जगांत जवळजवळ नाहीं.

प्राचीन मिसरी भाषेचे लेख इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षांपासून आढळतात. चित्रलिपींतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथील देवळांत इ. स. ३९४ च्या २४ ऑगस्टला कोरला गेला. पण लिपि गेली म्हणून भाषा गेली नाहीं. ग्रीक वळणाचीं अक्षरें घेऊन तीच भाषा ‘कॉप्टिक’ या नांवानें पुढें सतराव्या शतकाच्या सुमारापर्यंत लोकांच्या बोलण्यांत होती, आणि तेथील ख्रिस्ती देवळांच्या उपासनेंत ती आजही कानावर येते. १७९९ मध्यें रोझेट्टाचा शिलालेख सांपडला आणि १८२२ मध्यें शांपोलियाँ या फ्रेंच पंडितानें चित्रलिपीचें कोडें उलगडलें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. शांपोलियाँला कॉप्टिक उत्तम येत होती, हें मात्र त्या मानानें कमी जणांस ठाऊक असतें. देवळांत उरलेली ती म्हातारी बोली त्याला येत नसती, तर नुसत्या शिलालेखाच्या बळावर तो फार पुढें गेला नसता. पत्र पाठविणाऱ्या भगिनींनीं हें आपल्या सासूबाईंना अवश्य सांगावें.

मिसरी व्याकरणाचीं पुस्तकें जें धातु नमुन्यास घेतात तो ‘ऐकणें’ हा आहे. आपल्याकडे संस्कृत शिकतांना ‘भू’ धातु चालवितात, तसा तेथें हा. त्याचीं व्यंजनें तीन : स्, ज्, म्. स्वर लिहिण्याची त्या लिपींत चालच नव्हती. मग आजचे अभ्यासक सोयीसाठीं मध्यें ‘ए’ घालून ‘सेजेम्’ असें वाचतात. खरा उच्चार काय होता तें कॉप्टिकवरून थोडेंफार कळतें; तेथें हाच धातु ‘सोत्म्’ असा आढळतो. लिहितांना यासाठीं बैलाचा कान काढीत आणि त्यापुढें ‘म्’साठीं घुबड. ‘त्यानें’ किंवा ‘तो’ हें दाखवावयाचें असलें म्हणजे शेवटीं ‘फ्’ या व्यंजनाचा शिंगें असलेला साप येई. कान, घुबड आणि साप एवढ्यांत एक सबंध वाक्य!

दुसरी एक मौज म्हणजे शब्दाच्या शेवटीं काढावयाचें, पण उच्चारावयाचें नाहीं असें चित्र. चालण्याच्या क्रियेपुढें दोन पाय. तोंडाशीं हात नेलेला मनुष्य खाणें, पिणें आणि बोलणें यांपुढें तर असेच. पण विचार करणें आणि प्रीति करणें यांपुढेंही तोच. मनांत जें चालतें त्याचें दार तोंडच, असें त्या लोकांस वाटत असावें. ‘बाहेर पडणें’ या धातूसाठीं घराचा आराखडा काढीत, कारण घर आणि बाहेर पडणें यांचीं व्यंजनें एकच. पुढें पाय काढले म्हणजे घर नव्हे, निघणें समजावें. अक्षरओळख नुकती झालेल्या मुलास हें सांगून पाहावें. तें तासभर तुमच्या मागें लागेल.

आतां अर्थाकडे वळूं. ‘सेजेम्’ म्हणजे कानांनीं ऐकणें, आणि ‘सेजेम्’ म्हणजे सांगितलेलें मानणें. आपल्याकडे ‘मुलगा ऐकत नाहीं’ असें म्हटल्यावर कोणी त्यास कानाच्या डॉक्टरांकडे नेत नाहीं; तसेंच तेथें. प्ताहहोतेप या वृद्ध प्रधानाच्या नांवें चालत आलेला एक उपदेशग्रंथ आहे. त्याची एक जुनी पोथी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. तिच्या उत्तरभागांत ‘ऐकणें’ या एकाच धातूचीं रूपें फिरवून फिरवून बापानें मुलाला ऐकण्याचें महत्त्व पटविलें आहे. घरांतील चाकराला मिसरी भाषेंत ‘हांक ऐकणारा’ म्हणत. राजांचीं थडगीं खोदणारे व रंगविणारे जे कारागीर देर एल् मदीना येथें वस्ती करून राहात, त्यांची सरकारी पदवीही हीच. ‘ओ देणें’ हा आपला वाक्प्रचार त्यांना लगेच समजला असता.

पण क्रियापदाचा खरा खेळ काळांत आहे. ‘सेजेमेफ्’ म्हणजे धातु आणि त्यास चिकटलेला ‘तो’. त्यांच्यामध्यें एक ‘न्’ घातला कीं होतें ‘सेजेमेनेफ्’, म्हणजे ‘त्यानें ऐकिलें’. वाचकांचे कान येथें टवकारले असतील. पण थोडा धीर धरावा. मधला हा ‘न्’ काय आहे? सर अॅलन गार्डिनर यांनीं १९२७ मध्यें जें मोठें मिसरी व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांत त्यांचें म्हणणें असें आहे कीं, हा ‘न्’ मूळचा ‘ला, साठीं’ या अर्थाचें शब्दयोगी अव्यय, आणि त्यामागचें ‘ऐकिलें’ हें मूळचें कर्मणि विशेषण. म्हणजे ‘त्यानें ऐकिलें’ याची मूळ घडण ‘त्याला ऐकिलेलें’ अशी. हें मत सर्वच पंडितांस मान्य आहे असें नव्हे. परंतु ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला तें ऐकतांच पटल्यासारखें होतें, याचें कारण उघड आहे.

आपल्याकडे हेंच झालें. पाणिनीच्या भाषेंत भूतकाळासाठीं धातूला स्वतःचे प्रत्यय होते. ‘सः अशृणोत्’ असें म्हणत. पुढें लोकांचा कल ‘तेन श्रुतम्’कडे झुकला : त्याच्याकडून ऐकिलें गेलें. आमच्या पालघरच्या वाचकांना याचीं उदाहरणें पाहावयास लांब जावयास नको. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी आहे. तेथें १९५५ मध्यें ताम्रपट सांपडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनीं ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या अमदानींतील आहे. त्या वेळीं संजाणचा कारभार पाहाणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता, आणि महंमद या त्याच्या नांवाचें संस्कृतांत ‘मधुमति’ करून टाकलें आहे. (आपल्याच कुळांतील नांवांचीं इंग्रज कचेरींत काय रूपें झालीं हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांनीं मधुमतीस हंसूं नये.) अशा दानपत्रांची भाषा कोणत्याही ताम्रपटांत पाहावी. राजा काय ‘करतो झाला’ हें सांगण्यापेक्षां त्याच्याकडून काय ‘दत्त’ आहे, काय ‘लिखित’ आहे, हें सांगण्याकडे तिचा ओढा. क्रिया मागें राहाते आणि तिचें फळ पुढें येतें. त्याच फळास कालांतरानें मराठींत ‘दिलें’, ‘लिहिलें’ असें रूप आलें. श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या पायाशीं जो प्रसिद्ध मराठी लेख आहे त्यांतील ‘चावुंडराजें करवियलें’ याची घडण हीच : चावुंडराजाकडून करविलें गेलें.

डहाणू-संजाणच्या किनाऱ्यावर जे पारशी उतरले, त्यांच्या पूर्वजांच्या जुन्या इराणी भाषेनेंही हीच वाट धरली होती. ‘मीं केलें’ यासाठीं तेथें ‘माझें केलेलें’ अशी घडण आहे. म्हणजे एकमेकींस न विचारतां तीन भाषा एकाच दाराशीं आल्या.

साम्य येथेंच संपत नाहीं. ‘त्यानें आलें’ असें आपण म्हणत नाहीं. ‘तो आला’ असें म्हणतों. येणें, जाणें, निघणें या क्रियांना ‘नें’ लागत नाहीं. मध्यकालीन मिसरी भाषेंत गतीच्या अकर्मक धातूंना भूतकाळ सांगण्यासाठीं तो ‘न्’वाला प्रकार सहसा लावीत नाहींत, त्यांच्यासाठीं एक निराळें रूप आहे, जें क्रिया घडून गेल्यावरची स्थिति दाखवितें. ‘मी आलों’ म्हणजे ‘मी येऊन उभा आहें’. ऐकण्याची एक तऱ्हा, येण्याची दुसरी; आणि ती वांटणी नाईलच्या कांठीं आणि वैतरणेच्या कांठीं जवळजवळ एकाच रेषेवर झाली आहे.

येथें एक इशारा देऊन ठेवितों. असलें साम्य दिसलें कीं आपल्यांतील कांहीं उत्साही मंडळी ‘मिसर’ हा शब्द ‘मिश्र’पासून काढून पिरॅमिडच्या पायथ्याशीं यज्ञकुंड शोधावयास निघतात. त्यांनीं कृपा करून घरींच बसावें. मिसरी भाषेचें नातें अरबी, हिब्रू यांच्या कुळाशीं आणि उत्तर आफ्रिकेंतील बर्बर वगैरे बोलींशीं आहे, आपल्याशीं नाहीं. दोन घरांत भाकरी सारखी भाजली जाते म्हणून तीं घरें भाऊबंदांचीं ठरत नाहींत.

आतां आजीबाईंचा ‘न्’. ‘तेणें सांगितली’ या घडणींत एक उणेपणा होता. ‘सांगितली’ हें रूप गोष्टीच्या लिंगाप्रमाणें बदललें. सांगणाऱ्याचा त्यांत मागमूस उरला नाहीं. ‘तो जातो’, ‘तूं जातोस’ यांत क्रियापदाकडे पाहून कर्ता ओळखतां येतो. ‘सांगितली’कडे पाहून तो ओळखतां येत नाहीं. भाषेला अशी पोकळी फार दिवस सोसत नाहीं. म्हणून मध्यमपुरुषीं आपण सर्वांनीं एक खूण मागच्या दारानें आंत घेतली : ‘तूं गोष्ट सांगितलीस’. हा ‘स्’ न्यायानें तेथें असावयास नको. ‘तूं गेलीस’ मधून तो उचलून आणला आहे. कोंकणानें एवढ्यावर न थांबतां तृतीयपुरुषींही तेंच केलें : ‘तिनें गोष्ट सांगितलीन्’, ‘त्यानें काम केलेंन्’, आणि पुष्कळ जण असले तर ‘त्यांनीं केलेंनी’. ‘नें’ आणि ‘नीं’ या कर्त्याच्या प्रत्ययांशीं या ‘न्’चें आणि ‘नी’चें नातें रूपावरूनच ध्यानांत येण्यासारखें आहे. क्रियापदाबाहेर पडलेला कर्ता पुन्हां क्रियापदाच्या अंगावर येऊन बसला, एवढाच याचा अर्थ.

म्हणजे ज्या न्यायानें गुरुजींचें ‘तूं सांगितलीस’ शुद्ध, त्याच न्यायानें आजीबाईंचें ‘तिनें सांगितलीन्’ शुद्ध. पहिलें रूप पुण्यानें मान्य केलें आणि दुसरें केलें नाहीं, हा इतिहासाचा भाग झाला, व्याकरणाचा नव्हे. उलट आम्ही तर म्हणूं कीं कोंकणचें काम अधिक पुरतें आहे. प्रमाण मराठीनें एक पुरुष सजविला आणि दुसरा तसाच उघडा ठेवला. कोंकणानें दोघांनाही अंगरखा घातला. शाळेंत मुलीनें ‘सांगितली’ असें लिहावें, कारण शाळेची ती रीत आहे आणि परीक्षेंत गुण जावयास नकोत. घरीं मात्र तिनें आजीच्या तोंडास हात लावूं नये. एक मुलगी दोन रीती सुखानें संभाळूं शकते. सोंवळ्याओंवळ्याच्या दोन रीती याच वयांत संभाळीत नव्हत्या काय आपल्या घरच्या मुली?

बोली जाते ती कोणी बंदी घातली म्हणून क्वचितच जाते. ती बोलणाऱ्यास लाज वाटूं लागली म्हणून जाते. १९०५ मध्यें ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड, म्हणजे सातवा, प्रसिद्ध झाला. त्यांत वाडवळी, वारली, सामवेदी अशा या किनारपट्टीच्या बोलींचे नमुने त्यानें छापले आहेत. उधळ्या पुत्राची तीच ती गोष्ट प्रत्येकीकडून वदविली आहे. हल्लींच्या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानें महाराष्ट्रभर गांवोगांव जाऊन माणसांचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आणि कोण कोठें कर्त्याला काय लावतो याचे नकाशे केले. ग्रिअर्सनला जें कागदावर मावलें नाहीं तें आतां कानांनीं ऐकतां येतें. पालघरच्या त्या घरांत हें काम करण्यास तर पंडितही नको. रात्रीं गोष्ट चालूं असतांना मुलीच्या आईनें हातांतील यंत्र सुरू करून उशाशीं ठेवावें, म्हणजे झालें.

मिसरी क्रियापदाची पुढील हकीगत सांगावयाची राहिली. ‘सेजेमेनेफ्’ पुढें जुनें झालें, झिजलें आणि बोलण्यांतून गेलें. त्याच्या जागीं ‘करणें’ हा धातु आला. याला ते ‘इरि’ म्हणत आणि तो लिहावयाचा असला म्हणजे डोळा काढीत. ‘त्यानें ऐकिलें’ऐवजीं ‘त्यानें ऐकणें केलें’ असें म्हणूं लागले, आणि घासून घासून कॉप्टिकमध्यें त्याचें ‘अफ्सोत्म्’ झालें. त्यांतील पहिला ‘अ’ म्हणजे त्या डोळ्याचा, त्या ‘करण्या’चा उरलेला अवशेष. अलेक्झांडरनंतर ग्रीकांचें राज्य आलें आणि ग्रीक शब्दांचा लोंढा भाषेंत शिरला. ग्रीक धातु मिसरी प्रत्ययांनीं चालविणें जड जाऊं लागलें, तेव्हां उत्तरेकडील कॉप्टिक बोलीनें पुन्हां त्याच ‘करण्या’ला हांक मारली : परका धातु जसाच्या तसा ठेवावयाचा आणि त्याच्या अलीकडे ‘कर’ जोडावयाचा.

हें वाचून बोईसरचे वाचक गालांतल्या गालांत हंसतील. १९६९ मध्यें तारापूरचें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें, त्यामागून बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या सर्व भागांतील माणसें या टापूंत येऊन राहिलीं. त्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून जी मराठी-हिंदी तयार झाली आहे, तिचा सारा भार ‘करणें’ या एकट्या धातूवर आहे. मशीन चेक करावयाचें, माल लोड करावयाचा, रिपोर्ट सबमिट करावयाचा. आमचे कांहीं स्नेही यावरून मराठीचें सुतक धरून बसले आहेत. आम्हांस तितकी भीति वाटत नाहीं. परक्या धातूला ‘करणें’ जोडणारी भाषा आपलें व्याकरण सोडीत नसते; उलट पाहुण्याला ओसरीवर बसवून माजघर आपल्याच हातांत ठेवीत असते. मात्र ‘तपासणें’, ‘भरणें’, ‘धाडणें’ हे आपले धातु अंगांत बळ असतांना निजून राहिले आहेत, याचें वाईट वाटतें.

प्रयोजक क्रियापदांचाही एक मासला द्यावासा वाटतो. आपण शेवटीं ‘विणें’ जोडतों : जगणें, जगविणें. मिसरी लोक आरंभीं ‘स्’ जोडीत. ‘आंख्’ म्हणजे जगणें. ‘सांख्’ म्हणजे जगविणें. आणि मूर्तिकाराला त्यांनीं दिलेलें एक नांव याच धातूवरून केलेलें आहे : जगविणारा. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करणारा भटजी निराळा आणि मूर्ति घडविणारा निराळा. तेथें निदान भाषेनें तरी तो मान छिन्नी धरणाऱ्या हाताला दिला होता.

याच ‘आंख्’वरून आमच्या घरांतील पत्रलेखनाची आठवण झाली. मिसरी लेखांत राजाचें नांव आलें कीं त्यामागून तीन शब्द येतात : आंख्, उजा, सेनेब्, जगो, सुखरूप असो, निरोगी असो. हीं तीनही क्रियापदें आहेत. लेखकांना तीं इतक्या वेळां लिहावीं लागत कीं त्यांनीं त्यांचीं तीन लहान चिन्हें करून टाकलीं. आपला ‘चि.’ पाहा. ‘चिरं जीव’ हें सबंध वाक्य आहे, आणि त्यांतील ‘जीव’ हें आज्ञार्थी क्रियापद : पुष्कळ दिवस जग. तें नांवाला चिकटलें, एक शब्द बनलें, मग आखडून एका अक्षरावर आलें. आज ‘आमचे चिरंजीव मुंबईस असतात’ असें आपण म्हणतों तेव्हां त्यांत क्रियापद आहे हें कोणाच्या स्वप्नींही नसतें. नाईलकांठच्या कारकुनालाही तें आठवत असेल कीं नाहीं, कोण जाणे.

नकाराविषयीं दोन शब्द. इंग्रजी शिकतांना एक ‘नॉट्’ शिकला कीं काम भागतें. मराठींत नकार हें स्वतःच क्रियापद होतें : नाहीं, नव्हतों, नये, नको आणि त्याचें अनेकवचन नका. परप्रांतांतून तारापूरच्या वसाहतींत आलेल्या सुनांना विचारावें. ‘नये’ आणि ‘नको’ यांतील भेद समजण्यास वर्ष लागलें असें त्या सांगतील. मिसरी भाषाही याच वळणाची. ‘करूं नको’ हें सांगण्यासाठीं तिच्याजवळ एक स्वतंत्र नकारार्थी धातु होता, आणि निरनिराळ्या रूपांना निरनिराळे नकार लागत. विद्यार्थी त्यांत हमखास अडखळतात.

एक कोडें मात्र फार दिवस सुटलें नव्हतें. कांहीं धातूंचीं अशीं रूपें सांपडत कीं त्यांत एक व्यंजन दोनदां येई, आणि त्याचें प्रयोजन कोणास नीटसें सांगतां येत नसे. १९४४ मध्यें, महायुद्ध चालूं असतांना, पोलॉट्स्की या पंडिताचा कॉप्टिक वाक्यरचनेवरील ग्रंथ कैरो येथें प्रसिद्ध झाला. त्यानें दाखविलें कीं कॉप्टिकमधील कांहीं रूपें क्रियेवर भर देण्यासाठीं नसून वाक्यांतील दुसऱ्याच एखाद्या भागावर, म्हणजे कोठें, केव्हां, कसें यांवर भर देण्यासाठीं आहेत. आणि मग हीच किल्ली जुन्या मिसरी रूपांनाही लागली. मराठींत हें अगदीं सहज होतें. ‘मी काल आलों’ ही बातमी; ‘मी आलों तो काल’ हें प्रत्युत्तर. येण्याविषयीं वाद नाहीं, दिवसाविषयीं आहे. वरच्या पत्राची हकीगत सांगतांना ‘मुलगी घरीं आली ती आजीला सुधारूं लागली’ असें वाक्य आमच्या लेखणींतून उतरलें. त्यांतील ‘ती’चा वळसा याच कुळांतला. एखाद्या मराठी विद्यार्थ्यानें या भाषेकडे वळावयाचें ठरविलें, तर निम्मी वाट त्याच्या पायाखालची निघेल. बोईसरवरून उत्तरेस जाणाऱ्या लोहमार्गावरच बडोदें आहे. तेथील वस्तुसंग्रहालयांत सयाजीरावमहाराजांच्या वेळीं आलेली मिसरी ममी आहे. मुलांना घेऊन जावयास तेवढेंही निमित्त पुरे.

शेवटीं एक धातु पालघरच्याच मातीचा. वारली घरांत लग्न निघालें म्हणजे सवाशिणी भिंतीवर चौक काढतात. मधोमध पालघाट देवी, भोंवतीं नक्षी. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचें पाणी आणि बांबूची ठेचलेली काडी, एवढीच सामग्री. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं हीच रेघ भिंतीवरून कागदावर आणली आणि त्यांस २०११ मध्यें ‘पद्मश्री’ मिळाली. २०१८ मध्यें ते वारले. आपण शहरांत बसून ‘वारली चित्रकला’ म्हणतों; पण वारली बायका चौक ‘काढीत’ नाहींत, ‘लिहितात’. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडीं ‘लिहिणें’ ऐकून पूर्वीं पुष्कळांनीं ती शब्दाची चूक मानली. ती चूक नव्हे. संस्कृतांतील ‘लिख्’ म्हणजे मूळचें ओरखडणें, रेघ ओढणें. चित्राला ‘आलेख्य’ म्हणतात तें त्यावरूनच, आणि जुन्या मराठींत चित्र ‘लिहीत’ असत. आपण पाटी-पेन्सिल हातीं घेतली आणि तो अर्थ सोडून दिला. डोंगराकडच्या पाड्यांनीं तो ठेवला.

मिसरी भाषेंत लिहिण्याचा धातु ‘सेश्’. तो लिहावयाचा म्हणजे कारकुनाची रंगाची पाटी, पाण्याचें भांडें आणि बोरूची नळी काढीत. अक्षरें लिहिणें आणि भिंत रंगविणें या दोहोंनाही तोच एक शब्द. थडग्यांच्या भिंतीवर देव, माणसें, गाईगुरें आणि शेतें यांच्या बाह्यरेषा ओढणाऱ्या कारागिराला ते म्हणत ‘आकृति लिहिणारा’.